मांजराच्या पोटात गेलेला दोरा

खळ्यावरील मळणी आटोपून धान्य घरात आले की त्याच्या मागोमाग उंदीरही येतात. पोती कुरतडून ते धान्य खातात आणि खातात त्याहून अधिक धान्य लेंड्या, मूत्र व केस यांनी नासवितात. यावर सापळे आहेत, विषारी आमिषे आहेत, पत्र्याच्या कोठ्या आहेत. परंतु या कामी शेतकऱ्याचा सर्वांत जुना मदतनीस म्हणजे मांजर होय. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला असून त्याचा वृत्तांत 2004 साली प्रसिद्ध झाला. माणूस धान्य पिकवून साठवू लागला, साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागून मांजर आले, असे या सहवासाचे मूळ सांगितले जाते.

गाय, म्हैस किंवा बैल चारा खाईनासा झाला तर शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे धाव घेतो. मांजराच्या बाबतीत मात्र ते आपले आपण पाहून घेईल, अशी समजूत असते. त्यामुळे चांगले शिकारी मांजर चार दिवस कोपऱ्यात बसून मरून गेले, तरी ते कशाने मेले याचा शोध घेतला जात नाही. कोणी विष खाल्ले म्हणतो, कोणी साप चावला म्हणतो. अशा कित्येक मृत्यूंच्या मुळाशी घरातीलच एक क्षुल्लक वस्तू असते. ती वस्तू म्हणजे दोरा. मांजराच्या पोटात जाऊन प्राणघातक ठरणाऱ्या घरगुती वस्तूंमध्ये दोऱ्याचा व दोऱ्यासारख्या लांबट वस्तूंचा क्रमांक फार वरचा आहे. दोऱ्याने काय होते आणि तो टाळावा कसा, हे प्रत्येक घरातील मोठ्यांनी व मुलांनी समजून घेणे इष्ट आहे.

नेहमी घडणारा प्रसंग

पुढील प्रसंग कोणत्याही खेड्यात घडण्यासारखा आहे. सुगीची कामे संपली आहेत. दुपारच्या वेळी पडवीत गोधडी शिवण्याचे काम चालले आहे. आठ महिन्यांचे मांजर गोधडीच्या कडेला लोळत आहे. शिवणाऱ्या बाईच्या हातातील दोरा हलला की ते त्यावर झेप घेते. घरातील मुलांना त्याची गंमत वाटते. संध्याकाळी गोधडी गुंडाळून ठेवली जाते, परंतु हातभर लांबीचा एक दोरा जमिनीवर राहून जातो.

दुसऱ्या दिवशी मांजर दूध प्यायल्याबरोबर ओकते. घरातील आजी म्हणतात, "केस गेले असतील पोटात. पडतील उलटून." तिसऱ्या दिवशी मांजर कणगीच्या मागे जाऊन बसते आणि हाक मारली तरी येत नाही. पोटाला हात लावल्यास गुरगुरते. पोट साफ व्हावे म्हणून त्याला एरंडेल पाजले जाते. चौथ्या दिवशी त्याच्या गुदद्वारातून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसते. आता रोगाचे मूळ सापडले, असे वाटून घरातील एक जण ते टोक धरून ओढतो. मांजर किंचाळते. दोरा थोडा बाहेर येऊन तुटतो. त्यानंतर एक दिवसात मांजर मरते.

या घरातील माणसे निर्दय नव्हती. त्यांनी जे केले ते मांजराच्या भल्यासाठीच केले. परंतु दोरा पोटात काय करतो हे ठाऊक नसल्याने दोन दिवस वाया गेले आणि शेवटच्या उपायाने तर अपायच झाला.

मांजर दोरा थुंकून का टाकत नाही

मांजराने हात चाटला म्हणजे त्याची जीभ खरखरीत लागते. जिभेच्या पृष्ठभागावर बारीक काटे असतात. आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली आहेत त्याच द्रव्याचे हे काटे असून त्यांची टोके घशाच्या दिशेने वळलेली असतात. हाडाला चिकटलेले मांस खरवडण्यास व अंगावरील केस विंचरण्यास ते उपयोगी पडतात. हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असून त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचविली जाते, असे 2018 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले.

केस स्वच्छ करण्यास सोयीची असलेली हीच रचना दोऱ्याच्या बाबतीत घातक ठरते. दोरा जिभेवर आला की काट्यांत अडकतो. मांजर तो काढण्यासाठी जीभ हलविते, परंतु काट्यांचा कल आतल्या बाजूस असल्याने प्रत्येक हालचालीबरोबर दोरा घशाकडेच सरकतो. कुत्रा तोंडातील वस्तू जितक्या सहजपणे टाकून देऊ शकतो तितक्या सहजपणे मांजराला ते जमत नाही. शिवाय मांजराचे दात कापण्यासाठी आहेत, चघळण्यासाठी नाहीत. त्यामुळे दोरा बारीक न होता अखंडच पोटात जातो.

आतड्यात काय घडते

लहान गोटी किंवा बी मांजराने गिळल्यास ती वस्तू कित्येकदा विष्ठेबरोबर बाहेर पडते. मोठी असल्यास ती एखाद्या ठिकाणी अडकून मार्ग बंद करते. दोऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे एक टोक बहुधा कोठेतरी अडकून राहते. कधी दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूस बसतो, तर कधी दोऱ्याचा गुंता जठराच्या तोंडाशी अडकतो. उरलेला दोरा मात्र आतड्यात पुढे जातो.

आतडे आपल्या स्वभावानुसार आतील वस्तू पुढे ढकलू लागते. परंतु टोक अडकलेले असल्याने दोरा पुढे जात नाही. उलट आतडेच दोऱ्यावर मागे सरकून गोळा होऊ लागते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवून तिचे टोक घट्ट धरले आणि कापड मागे सारले म्हणजे जशा चुण्या पडतात, तशाच चुण्या आतड्याला पडतात. मांजराचे लहान आतडे साधारण 1 ते 1.5 मीटर लांब असते. ते या रीतीने आखडून जाते. अन्न व पाणी पुढे सरकेनासे होते आणि उलट्या सुरू होतात.

आतडे ढकलण्याचे काम थांबवीत नाही. त्यामुळे ताणलेला दोरा आतड्याच्या आतल्या वळणावर करवतीसारखा घासत राहतो. काही काळाने तेथे एक किंवा अनेक छिद्रे पडतात, आतड्यातील घाण पोटाच्या पोकळीत उतरते आणि पोटात पू होतो. या अवस्थेत मांजर वाचणे कठीण असते. सुई गिळली म्हणजे सर्वजण घाबरतात, ते योग्यच आहे. परंतु सुईत ओवलेला दोरा हा सुईइतकाच, किंबहुना कित्येकदा सुईहून अधिक अपाय करतो, हे ध्यानात घ्यावे.

लक्षणे कशी ओळखावीत

मांजर अधूनमधून केसांचा गोळा ओकते, त्यामुळे एखाद्या उलटीने घाबरण्याचे कारण नाही. परंतु एका दिवसात अनेक उलट्या होणे, खाल्लेले किंवा प्यायलेले पोटात न ठरणे, अन्नाकडे तोंड फिरविणे, अंधाऱ्या जागी दडून बसणे, पाठ वाकवून बसणे, पोटाला स्पर्श सहन न होणे आणि विष्ठा बंद होणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास पोटात काही अडकले आहे असा संशय घ्यावा. तोंडातून लाळ गळणे, पंजाने तोंड ओरबाडणे किंवा घास गिळताना मान ताणणे यांवरून सुई अगर दोरा तोंडात किंवा घशात असल्याचा संभव असतो.

मांजर गरीब स्वभावाचे असल्यास त्याच्या जिभेखाली पाहावे. एकाने मांजर टॉवेलात गुंडाळून धरावे. दुसऱ्याने त्याचे डोके किंचित वर करून खालचा जबडा उघडावा आणि हनुवटीच्या खालून, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागी, अंगठ्याने हळूच वर दाबावे. त्यामुळे जीभ उचलली जाऊन तिच्या मुळाशी अडकलेला दोरा दिसू शकतो. मांजर चावेल असे वाटल्यास हा प्रयत्न करू नये. ते काम पशुवैद्यांवर सोपवावे. मांजर चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, कारण मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो.

दोरा दिसला तर

दोऱ्याचे टोक तोंडातून दिसो अगर गुदद्वारातून, ते ओढू नये. हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. बाहेर दिसणारा दोरा दोन बोटांचा असला तरी त्याचे दुसरे टोक जठरापाशी असू शकते. ओढल्याने चुण्या पडलेले आतडे चिरले जाते. दोरा कापूनही टाकू नये, कारण बाहेरील टोक हीच पशुवैद्यांना मिळणारी पहिली खूण असते.

त्याचप्रमाणे एरंडेल, तूप किंवा गोडे तेल पाजू नये. जोरात पाजलेले तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येते. जुलाबाच्या औषधाने आतड्याची हालचाल वाढते आणि दोरा अधिकच घासू लागतो. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजणे तर उघड धोक्याचे आहे. वाट पाहण्यातही लाभ नाही. मांजर दोन-तीन दिवस अजिबात जेवले नाही, तर, विशेषतः ते लठ्ठ असल्यास, त्याच्या यकृतात चरबी साठून दुसराच आजार उद्भवतो.

मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. घरातील दोऱ्याचा तसाच दुसरा तुकडा सोबत घ्यावा. मांजराने शेवटचे केव्हा खाल्ले, उलट्या कधी सुरू झाल्या आणि शेवटची विष्ठा केव्हा झाली, एवढी माहिती सांगता आली तर निदान लवकर होते.

दवाखान्यातील उपचार

क्ष-किरण चित्रात सुई स्पष्ट दिसते, परंतु साधा दोरा दिसत नाही. तथापि आतड्याला पडलेल्या चुण्या व त्यांत अडकलेल्या वायूचे बुडबुडे यांवरून अनुभवी पशुवैद्य दोऱ्याचे अनुमान करू शकतात. सोनोग्राफीने हे निदान अधिक निश्चित होते. दोरा जिभेखाली अडकला असून मांजर अद्याप ताजेतवाने असेल, तर पशुवैद्य तो फास मोकळा करून मांजराला देखरेखीखाली ठेवतात आणि काही वेळा दोरा विष्ठेवाटे निघून जातो. हा निर्णय त्यांचाच असावा. इतर वेळी शस्त्रक्रिया करावी लागते. जठर उघडून अडकलेले टोक सोडवितात आणि आतड्याला एक किंवा अधिक छेद देऊन दोरा तुकड्यांनी काढतात. आतड्याला छिद्र पडण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक मांजरे पूर्ववत होतात.

अशी शस्त्रक्रिया प्रत्येक गावच्या दवाखान्यात होईलच असे नाही. म्हणून प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे व तेथील सल्ल्याने जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात अथवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात परळ येथे 1886 पासून व नागपूर येथे 1958 पासून अशी महाविद्यालये असून परभणी, उदगीर व शिरवळ येथेही ती आहेत.

वर्षभरातील दोरे

उपचारापेक्षा खबरदारी सोपी आहे. शेतकऱ्याच्या घरात दोरा केवळ शिवणाच्या डब्यात नसतो. सणांच्या व शेतीकामांच्या क्रमाने पाहिले, तर तो वर्षभर निरनिराळ्या रूपांनी घरात येत असतो.

संक्रांतीच्या सुमारास मुले पतंगाचा मांजा घरी आणतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली बंदी घातली. हा मांजा पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे कापतो, तसाच तो मांजराच्या आतड्यालाही घातक असतो. तुटलेला मांजा अंगणात, झाडावर वा पत्र्यावर राहू देऊ नये. सुगीत धान्याची पोती शिवताना सुतळीचे तुकडे नेमके कोठीच्या खोलीतच पडतात आणि मांजराचा वावरही तेथेच असतो. शिवण संपताच खोली झाडून घ्यावी व दाभण मोजून ठेवावे. टोमॅटोची झाडे व द्राक्षाचे वेल बांधण्याची सुतळी खुंटीला मोकळी टांगण्याऐवजी डब्यात ठेवावी.

वटपौर्णिमेचे सूत, नारळीपौर्णिमेच्या राख्या, दसऱ्याच्या झेंडूच्या माळा, केसांतील गजरे या सर्वांत दोरा असतो. फुले सुकली की माळ कोपऱ्यात पडते आणि तिचा दोरा मांजराच्या हाती लागतो. गणपतीच्या आराशीतील व आकाशकंदिलाच्या चकचकीत झिरमिळ्या वाऱ्याने हलतात, त्यामुळे मांजराला त्यांचा विशेष मोह पडतो. आरास उतरविताना झिरमिळ्या मोजून कागदात गुंडाळून ठेवाव्यात.

देवघरातील तुपाच्या वातींकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विझलेली वात तुपात भिजलेली असते. मांजर ती अन्न समजूनच खाते. फुलवात आखूड असल्याने तिचा धोका कमी, परंतु लांब वात दोऱ्याप्रमाणेच वागते. पूजेनंतर निरांजन झाकून ठेवावे. मटणाचे वा मासळीचे पुडके बांधलेला दोरा, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या यांनाही अन्नाचा वास असतो. या वस्तू झाकणाच्या बादलीत टाकाव्यात. किनारपट्टीवरील घरांत गळ व जाळ्याचे नायलॉनचे तुकडे हाच धोका निर्माण करतात. आमिष लावलेला गळ तर क्षणभरही उघडा ठेवू नये.

चावण्याची ओढ का लागते

मांजर दोऱ्याशी खेळते ते शिकारी स्वभावामुळे. हलणारा दोरा त्याला उंदराच्या शेपटीसारखा भासतो. याखेरीज काही मांजरांना लोकर, कापड किंवा प्लॅस्टिक चावण्याची सवयच असते. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिलांत ती अधिक दिसते. म्हणून पिलू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून कायमचे 30 दात येतात. त्या वेळी पिले दिसेल ती वस्तू चावतात, तेव्हा विशेष दक्षता घ्यावी. मोठ्या मांजराला अशी सवय एकाएकी लागली, तर रक्तक्षय किंवा जंत असण्याचा संभव असल्याने तपासणी करून घ्यावी.

आहाराकडेही पाहिले पाहिजे. भाकरी व दूध यांवर मांजर पोसले जाते ही समजूत चुकीची आहे. मांजर मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांस व मासळी यांतूनच पुरेसे मिळते. त्याच्या अभावी डोळे व हृदय बिघडते. हृदयविकाराशी असलेला त्याचा संबंध 1987 साली स्पष्ट झाला. भुकेले मांजर चांगली शिकार करते असाही एक समज आहे. परंतु शिकारीची प्रवृत्ती भुकेवर अवलंबून नसते. भुकेले मांजर मात्र केरातील वासाच्या वस्तू अधिक गिळते.

खेळण्यासाठी कागदाचा चुरगळलेला मोठा गोळा किंवा तोंडात न मावणारा कापडी चेंडू द्यावा. काठीला दोरी बांधून खेळविण्यास हरकत नाही, मात्र खेळ संपताच ती काठी कपाटात ठेवावी. मांजराला हिरवे चावण्याची आवड असते. त्यासाठी एका कुंडीत मूठभर गहू पेरावेत.

इतर धोक्याच्या वस्तू

विजेच्या चालू तारा चावल्याने तोंड भाजते व प्राणही जातो. तारा नळीतून घ्याव्यात व भ्रमणध्वनीची तार काम संपताच काढून ठेवावी. घड्याळातील व खेळण्यांतील चपट्या बॅटऱ्या पोटात गेल्यास काही तासांतच अन्ननलिका भाजून काढतात. माणसांच्या तापावरील पॅरासिटामोलची एक गोळीदेखील मांजराला मारू शकते. ती कधीही देऊ नये.

उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनवर के-1 जीवनसत्त्व हा उतारा आहे, परंतु हे विष खाल्लेला उंदीर खाल्ल्यानेही मांजराला बाधा होऊ शकते. ज्या घरात मांजर आहे तेथे सापळा व पत्र्याची कोठी यांवर भर द्यावा. आमिष ठेवणे भागच पडल्यास मांजराचे तोंड जाणार नाही अशा पेटीत ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज शोधून पुरून टाकावेत.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

1. सुईदोऱ्याचा डबा नेहमी झाकलेला असावा. काम संपताच सुया मोजाव्यात व जमिनीवरील दोरे वेचावेत.

2. सुतळी, मांजा, माळा, वाती व झिरमिळ्या उघड्यावर ठेवू नयेत.

3. अनेक उलट्या व अन्नत्याग एकत्र दिसल्यास जिभेखाली पाहावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

4. लोंबणारा दोरा ओढू नये, कापू नये. तेल, तूप, एरंडेल वा मिठाचे पाणी पाजू नये.

वर सांगितलेल्या प्रसंगातील मांजर वाचू शकले असते. पहिल्या संध्याकाळी तो हातभर दोरा उचलला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. दुसऱ्या दिवशी जिभेखाली पाहिले असते, तरीही वेळ गेली नव्हती. पोती राखणाऱ्या या प्राण्यासाठी घरातील माणसांनी दिवसाकाठी दोन मिनिटे जमिनीकडे पाहावे, एवढीच अपेक्षा आहे. हे काम घरातील मुलांकडे सोपविले तर ती ते आवडीने करतील, आणि दोरा ओढायचा नसतो ही गोष्टही त्यांच्या कायमची लक्षात राहील.